विरुद्ध पक्षाचा साक्षीदार

फणसवाडीत येऊन कोणी फणसाचे झाड शोधू नये. केळेवाडीत केळ, आंबेवाडीत आंबा आणि कांदेवाडीत कांदा जितका पिकतो, तितकाच आमच्या वाडीत फणस. कधीकाळी या साऱ्या गिरगावात वाड्या होत्या, माडांच्या राया होत्या. त्या गेल्या, त्यांच्या जागी चाळी आल्या, आणि आता चाळींच्या जागी जे काय येते आहे ते आपण सारेच मान वर करून पाहतो आहोत. नावे मात्र जागची हललेली नाहीत. माणसापेक्षा, झाडापेक्षा आणि घरापेक्षाही नाव अधिक चिवट असते, अशी माझी समजूत आहे.

ही समजूत मला करून दिली ती माझ्या थोरल्या काकांनी. आमच्या चाळीच्या जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची एक लाकडी पाटी होती. तळमजल्यावर फडणीस, पहिल्यावर चिटणीस नि पोतनीस, दुसऱ्यावर मुजुमदार, वाकनीस आणि अगदी कोपऱ्यात पारसनीस. मी अक्षरे जुळवीत ती पाटी वाचत असे तेव्हा काका म्हणाले, "ही पाटी मराठी नव्हे बरं का! फारसी आहे. बाळबोध अक्षरांत लिहिली म्हणून तुला वाचता येते, इतकंच." मग त्यांनी एकेक आडनाव सोलून दाखविले. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्द लिहिणारा तो फडणीस, चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, मजमू म्हणजे एकूण जमेचा हिशेब ठेवणारा तो मुजुमदार. फारसी लिहिणारा तो पारसनीस. आणि दरबारात काय घडले, छावणीत काय घडले, याचा 'वाका' रोजच्या रोज लिहून धाडणारा तो वाकेनवीस, म्हणजे आमचे दुसऱ्या मजल्यावरचे वाकनीस. "आणि ज्या जिन्याखाली उभा आहेस तो जिनाही फारसीच," काकांनी शेवटचा टोला दिला, "आणि तो चढून ज्या मजल्यावर जायचं तो मजला अरबी!"

त्या वयात मला या गोष्टीची मोठी मौज वाटली. आपण मराठी, आपली वाडी मराठी, आणि घरात शिरायचे ते मात्र परक्या शब्दाची पायरी चढून!

काकांना फारसी येत होती याचे त्यांच्या पिढीत कोणाला फारसे नवल नव्हते. शाळेत दुसरी भाषा घ्यावयाची असे. बहुतेक मुले संस्कृत घेत आणि रूपे पाठ करताना घामाघूम होत. फारसीचे व्याकरण त्यामानाने सुटसुटीत, म्हणून मार्कांच्या हिशेबाने जी चारदोन मुले तिकडे वळत, त्यांत काका होते. मार्क मिळाले, परीक्षा संपली, बाकीची मुले फारसी विसरून गेली. काकांना ते साधले नाही. पुढे ते न्यायकचेरीत भाषांतरकार म्हणून लागले. दिवसभर ते अर्ज, करारनामे आणि जबान्या यांचे भाषांतर करीत आणि संध्याकाळी गॅलरीत आरामखुर्ची टाकून तवारिखा वाचीत. खुर्चीच्या हातावर माधवराव पटवर्धनांचा १९२५ साली निघालेला फारसी-मराठी कोश उघडा असे. माधव जूलियन या नावाने ज्यांच्या प्रेमकविता लोक गुणगुणत, त्याच गृहस्थाने हा जाडजूड कोश रचला, हे काका अभिमानाने सांगत. जणू त्यांनीच त्याची मुद्रिते तपासली होती.

मला त्यांनी अक्षरओळख करून दिली ती पाटीवरच. फारसी लिपीत टिंबांना फार महत्त्व. एकाच आकड्याखाली एक टिंब दिले की 'बे', तीन दिली की 'पे'. तीच टिंबे वर चढविली की आणखी निराळी अक्षरे. लेखक घाईत असला, आणि दरबारी लेखक नेहमीच घाईत असतो, की टिंबे गळतात आणि वाचणाऱ्याची परीक्षा सुरू होते. त्या घाईच्या वळणाला 'शिकस्ता' म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेली. "आपल्या मोडीची सख्खी मावसबहीण," काका म्हणत, "दोघींची हाडं लेखकांनीच मोडली." काका स्वतः भाषांतर करीत तेव्हा त्यांचा एक कडक नियम असे. शब्द लागला नाही तर अंदाजाने दडपून लिहावयाचे नाही. वहीत तेथे तीन टिंबे ठेवावयाची आणि पुढे जायचे. त्यांच्या वह्यांत अशी टिंबे पुष्कळ आहेत.

त्यांचा पहिला लाडका इतिहासकार फेरिश्ता. याचे खरे नाव महंमद कासिम. कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादेचा हा मुलगा बापाबरोबर लहानपणीच आपल्या अहमदनगरला आला. बाप मुर्तजा निजामशहाच्या मुलाला, मीरान हुसेनला, फारसी शिकवीत असे. पुढे १५८८ साली त्याच मीरान हुसेनने बापाला पदच्युत केले. त्या धामधुमीत फेरिश्ता राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता. शाहजाद्याने ओळखले म्हणून त्याचा जीव वाचला. दुसऱ्या वर्षी तो विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला गेला आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. 'गुलशने इब्राहिमी' हे त्याचे नाव, पण जग त्याला 'तारीखे फेरिश्ता' म्हणूनच ओळखते. जनरल जॉन ब्रिग्ज याने त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ साली केले, आणि मूळ फारसी ग्रंथ, आग्र्याचे मुनशी मीर खैरात अली खान मुश्ताक यांना हाताशी धरून, १८३१ साली आपल्या मुंबईतच छापविला. नगरात वाढलेल्या, विजापुरात बसून लिहिणाऱ्या माणसाचे पुस्तक छापले गेले ते मुंबईत! डॉ. भ. ग. कुंट्यांनी पुढे ते मराठीतही आणले.

फेरिश्ता काय सांगतो? तो सांगतो की निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद, त्याचा बाप पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यातला ब्राह्मण मुलगा होता. बहमनी फौजेने पकडून नेला आणि मुसलमान झाला. तो सांगतो की विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने गादीवर येताच दफ्तरातली फारसी काढून टाकली, हिशेब हिंदवीत ठेवविले आणि कचेऱ्या ब्राह्मणांच्या हाती दिल्या. हे वाचताना काका हटकून थांबत. "फारसी दफ्तरातून हाकलली, ही बातमी आपल्याला कळते ती फारसी पुस्तकातून! याला म्हणतात इतिहासकार."

बहमनी राज्याचा संस्थापक हसन याची गोष्टही फेरिश्ताचीच. दिल्लीच्या गंगू ब्राह्मणाच्या शेतात हसन नांगर धरीत असता मोहरांनी भरलेले भांडे लागले, ते त्याने प्रामाणिकपणे धन्याला नेऊन दिले, धन्याने भविष्य वर्तविले, आणि राजा झाल्यावर हसनने त्या ब्राह्मणाची आठवण म्हणून घराण्याचे नाव बहमनी ठेवले. गोष्ट इतकी गोड की आम्ही मुले ती पुन्हा पुन्हा सांगायला लावीत असू. पण गोष्ट संपली की काका दुसरी वही काढीत. तीत सय्यद अली तबातबाच्या 'बुर्हाने मासिर'मधले उतारे होते. हा तबातबा फेरिश्ताचाच समकालीन, अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरचा. त्याच्या पुस्तकात गंगू नाही, नांगर नाही, मोहरा नाहीत. त्याच्या मते हसनने आपले कूळ इराणच्या पुराणातल्या इस्फंदियाराचा मुलगा बहमन याच्याशी जोडले, म्हणून बहमनी. अलीकडचे इतिहासकार तबातबाच्या बाजूचे आहेत. आम्ही हिरमुसले होत असू. काका म्हणत, "गोष्ट आवडली म्हणून ती खरी होत नाही. पण टाकूनही देऊ नका. अडीचशे वर्षांनंतरसुद्धा दक्षिणेतल्या लोकांना अशी गोष्ट सांगावीशी वाटत होती, एवढं तरी ती सांगतेच की नाही?"

दुसरा लाडका, किंवा लाडका नावडता, खाफीखान. याचे नाव महंमद हाशिम. औरंगजेबाने आपल्या कारकिर्दीची दहा वर्षे उलटल्यावर दरबारी इतिहास लिहिणे बंद करविले. म्हणून या गृहस्थाने लपूनछपून टिपणे ठेवली आणि त्याला 'खाफी' म्हणजे लपलेला म्हणू लागले, अशी एक मनोरंजक आख्यायिका आहे. खरे म्हणजे ते नाव खुरासानातल्या ख्वाफ या गावावरून आले. त्याचा 'मुन्तखबुल्लुबाब' पुरा झाला तो महंमदशहाच्या काळी. पण आम्हां फणसवाडीकरांना त्याच्याविषयी आपुलकी वाटण्याचे कारण निराळेच आहे. हा माणूस मुंबईला येऊन गेला होता!

१६९५ साली यात्रेकरूंनी भरलेले 'गंजे सवाई' हे बादशाही जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले आणि सुरतेत हलकल्लोळ उडाला. त्याच सुमारास खाफीखान सुरतेहून राहिरीचा, म्हणजे आपल्या रायगडचा, फौजदार अब्दुर्रझाकखान याच्यासाठी माल घेऊन समुद्रकाठाने निघाला होता. मुंबईजवळ आल्यावर तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला भेटीला बोलाविले. किल्ल्याच्या दरवाजापासून दुतर्फा बंदूकधारी उभे केलेले. आधी ओठ कोवळे असलेली पोरे, मग मिसरूड फुटलेले जवान, मग पिकल्या दाढीचे म्हातारे. पाहुण्याच्या छातीत धडकी भरावी म्हणूनच हा थाट, हे खाफीखानाने ओळखले आणि तसे लिहूनही ठेवले. जहाजाच्या लुटीवरून दोघांची शाब्दिक झटापट झाली. आणि बाहेर पडल्यावर या हिशेबी माणसाने मुंबईची किंमत केली: या बेटाचे उत्पन्न काय, तर सुपारी नि नारळ, दोनतीन लाख रुपयांच्या पलीकडे नाही!

ते वाक्य वाचून दाखविताना काका गॅलरीतून खाली बोट दाखवीत. "त्यातले चार नारळ या इथले असतील बरं!" खाली व्यंकटेशाच्या देवळाकडे जाणाऱ्या माणसांची वर्दळ चाललेली असे, फुलवाल्याचे ओरडणे चाललेले असे, आणि मला मात्र क्षणभर त्या जागी माडांची सावली आणि त्या सावलीतून जाणारा एक वैतागलेला मोगल कारकून दिसे. खोली दोन रुपयांनी महागली तरी चाळीत बैठक भरत असे. आज त्याच जमिनीचा भाव चौरस फुटावर चालतो. खाफीखानाला तो सांगितला असता तर त्याने लेखणीच खाली ठेवली असती.

भीमसेन सक्सेनाविषयी काका निराळ्या आवाजात बोलत. १६४९ साली बुऱ्हाणपुरास जन्मलेला हा कायस्थ, औरंगाबादेत वाढला, जन्मभर मोगलांची कारकुनी केली, शेवटी दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिला. त्याचा 'नुस्खा-ए-दिलकुशा' बादशहाला खूष करण्यासाठी लिहिलेला नाही. छावणीतली महागाई, पगार थकलेले शिपाई, नागवलेली रयत, हे सारे त्यात आहे. ज्याला कशाचीच वाण नाही असा आलमगीर बादशहा म्हातारपणी दगडांच्या काही ढिगाऱ्यांसाठी धापा टाकीत धावतो आहे, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. ते ढिगारे म्हणजे आपले किल्ले. काका कारकून, भीमसेनही कारकून. मला वाटते, काकांना या माणसात आपला सहकारी सापडला होता. त्यांच्या सर्वांत जाड वह्या भीमसेनाच्याच आहेत.

आता एक प्रसंग सांगतो. एका गणेशोत्सवात चाळीने काकांचे व्याख्यान ठेवले. विषय, खाफीखान आणि शिवाजीमहाराज. सतरंज्यांवर सारी चाळ जमलेली. काकांनी सुरुवातीलाच सांगितले की हा लेखक महाराजांना वाईट शब्द वापरतो. त्यांच्या मृत्यूच्या वर्षाचा त्याने जो कालश्लेष जुळविला, त्यात त्यांना नरकात धाडले आहे. सभेत चुळबूळ झाली. मग काका म्हणाले, "आणि हाच माणूस लिहितो की शिवाजीने लुटीत मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही बायकामुलींना हात लावू दिला नाही. कुराणाची प्रत हाती आली तर ती मानाने आपल्या एखाद्या मुसलमान माणसाला देत." महाराजांनी वाड्याजवळ विहीर खणविली, तिच्याशी दगडी बैठक बांधली, पाणी भरायला येणाऱ्या गोरगरिबांच्या बायकांशी ते आईबहिणीप्रमाणे बोलत आणि त्यांच्या मुलांना फळे देत, हीही त्याचीच हकीकत. सभा शांत झाली.

तेवढ्यात एक गृहस्थ उठले. म्हणाले, "गणपतीपुढे औरंगजेबाच्या माणसाचं प्रमाणपत्र कशाला हवं? आपल्या बखरी नाहीत का?"

काका न्यायकचेरीतले. ते शांतपणे म्हणाले, "आपल्या अशिलाचा भाऊ त्याला सज्जन म्हणाला, तर न्यायाधीश ऐकून घेतो. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार म्हणाला, तर लिहून घेतो."

टाळ्या पडल्या. काका इथेच थांबते तर उत्सवाचा नारळ घेऊन घरी आले असते. पण मागच्या ओळीतून एका कॉलेजातल्या मुलीने विचारले, "मग त्याच साक्षीदाराने पुढे जी निंदा केली असेल, तीही लिहून घ्यायची का?" प्रश्न सरळ होता. काकांनी उत्तरही सरळ दिले. "घ्यायची. त्याच पानावर पुढे तो संभाजीराजांविषयी हलकी गोष्ट सांगतो. तीही वाचायची. मग उलटतपासणी करायची. तू हे कधी लिहिलंस? पन्नास वर्षांनी. पाहिलंस की ऐकलंस? कोणाचं मीठ खात होतास? त्या उलटतपासणीत ती गोष्ट टिकली नाही तर टाकू. पण तीच उलटतपासणी विहिरीच्या गोष्टीलाही लावली पाहिजे. गोड साक्षीला सूट नि कडू साक्षीला फटके, हा न्याय नव्हे."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. विहिरीची गोष्टही तपासून घ्या, हे लोकांना निंदेपेक्षा अधिक लागले. पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी भावगीतांचा कार्यक्रम ठेवण्यात येऊ लागला. काका त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जाऊन बसत. घरी मात्र आई म्हणाली, "भावोजी, काय गरज होती?" ते म्हणाले, "वहिनी, मुलीनं विचारलं ना! तिला काय खोटं सांगायचं?"

त्या उत्तराची किंमत मला तेव्हा कळली नाही. आज वर्तमानपत्र उघडले की कळते. इतिहासावरून भांडणे आपल्याकडे नवी नाहीत. पण हल्ली जो तो एखादी फारसी ओळ काठीसारखी उगारतो. आणि ती ओळ बहुधा मूळ ग्रंथातली नसते, भाषांतराच्या भाषांतरातली असते. हेन्री इलियट आणि जॉन डाउसन यांचे आठ खंड १८६७ ते १८७७ या काळात निघाले. कित्येक पिढ्यांनी तवारिखा वाचल्या त्या त्यांतल्या वेच्यांतून. इलियटसाहेबाने हे वेचे का वेचले, हे त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितले आहे: जुन्या सुलतानांचे जुलूम वाचून हिंदी लोकांना इंग्रजी राज्याचे सुख कळावे! वेचणाऱ्याचा हात कुठे कुठे गेला असेल, हे यावरून ओळखावे. त्या खंडांच्या चुका पानोपान दाखविण्याचे कष्ट शापूरशाह होडीवाला या पारशी पंडिताने घेतले. त्यांचा ग्रंथ १९३९ साली मुंबईतच निघाला. काकांनी तो पगारातून हप्त्याने घेतला होता.

आपल्याकडे मूळ फारसीला हात घालणारे विद्वान झाले नाहीत असे नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खऱ्यांनी 'ऐतिहासिक फार्सी साहित्या'चे सहा खंड सिद्ध केले. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे, भीमसेन, खाफीखान हे सारे मराठी वाचकाच्या घरात आणून बसविले. यदुनाथ सरकारांनी फारसीबरोबर मराठीही शिकून घेतली. ही माणसे गेली. त्यांची पुस्तके ग्रंथालयांत आहेत. पण त्यांच्यामागून मूळ पोथीपर्यंत चालत जाणारी पावले थोडी झाली. शिवकालाचा अर्धा पुरावा ज्या भाषेत आहे, ती भाषा शिवकालावर जीव टाकणाऱ्या समाजाला वाचता येऊ नये, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोसुद्धा फारसी जाणणाऱ्या माणसांकडून. शब्द बदलायचा तरी आधी तो कळावा लागतो.

काका वारले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. चाळीच्या पुनर्विकासाचे कागद फिरू लागले तेव्हा आम्ही माळा उपसला. तांब्यापितळेची भांडी कुणी ना कुणी नेली. वह्यांचा गठ्ठा राहिला. रद्दीवाला म्हणाला, "पुठ्ठा चांगला आहे." मी गठ्ठा उचलून आत ठेवला.

दोन वर्षांपूर्वी नात्यातली एक मुलगी घरी आली. विद्यापीठात फारसी शिकते, रविवारी पाठीवर पिशवी टाकून किल्ले चढते. तिला वह्या दाखविल्या. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि चहा निवाला तरी उठली नाही. एका किल्ल्याच्या वेढ्याच्या वर्णनाशी ती थबकली. फौज दरवाजापर्यंत पोचण्याआधी कशावर तरी चढते, आणि ते 'कशावर' काकांना लागले नव्हते. तेथे तीन टिंबे होती, आणि समासात त्यांनी मूळ अक्षरे जशी दिसली तशी उतरून घेतली होती. 'माही'. कोशात त्याचा अर्थ पुसून टाकणारा. पुसून टाकणाऱ्यावर फौज कशी चढेल? काकांनी तीन निरनिराळ्या शायांनी तीनदा प्रश्नचिन्ह केले होते.

मुलीने ती अक्षरे पाहिली. मग पेन्सिल घेतली आणि 'हे'च्या पोटात तीन टिंबे दिली. 'हे'चा 'चे' झाला.

"माची," ती म्हणाली. "हा फारसी शब्दच नाही, काका. मी गेल्या महिन्यात राजगडावर संजीवनी माचीवर बसून डबा खाल्ला."

मी ती ओळ पुन्हा वाचून पाहिली. फौज माचीवर चढली आणि दरवाजाकडे निघाली. काही अडत नव्हते. काकांनी जन्मभर तो शब्द फारसी कोशात धुंडाळला, आणि तो उभा होता आपल्या सह्याद्रीवर; कोण्या परक्या लेखकाने तो कानांनी ऐकून जपून लिहून ठेवला होता, आणि नक्कल करणाऱ्याने घाईत त्याची टिंबे सांडली होती. काकांनी तेथे अंदाजाने काहीतरी दडपून दिले असते, तर ती रिकामी जागा कोणाच्या नजरेसच आली नसती.

मुलीने ती वही नेली. बाकीच्या वह्या एकेक करून नेणार आहे. जाताना मी विचारले, "आणखी टिंबं किती आहेत?"

"पुष्कळ," ती म्हणाली. तिने ते मोठ्या आनंदाने सांगितले.